तयार डेकचे मोल कसे ठरवावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात ट्रेडिंग कार्डांचे खेळ खेळणारे आम्ही मोजकेच आहोत. फोंड्यात दर रविवारी आमचे टेबल मांडले जाते. पणजी, म्हापसा, मडगाव, डिचोली येथून शाळकरी मुले, त्यांचे पालक आणि नोकरीधंदा सांभाळून खेळणारी माणसे येतात, आणि ज्यांना येणे जमत नाही ते निरोप पाठवून प्रश्न विचारतात. त्यांतील बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत असतात : तयार मिळणारा हा डेक, म्हणजे खेळायला लागणारा कार्डांचा जोड, घेण्याजोगा आहे का? पुन्हापुन्हा आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः मॅजिक : द गॅदरिंग या खेळातील, त्यातही त्याच्या कमांडर या प्रकारातील आहेत, कारण आमच्या टेबलावर तोच अधिक खेळला जातो. पोकेमॉन आणि यु-गि-ओ खेळणाऱ्यांनी प्रश्न १० आधी वाचला तरी चालेल.

१. तयार डेक म्हणजे नेमके काय? बूस्टर पाकिटापेक्षा तो वेगळा कसा?

बूस्टर पाकिटातून कोणती कार्डे निघतील हे फोडेपर्यंत कळत नाही. तयार डेकची, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘प्रीकॉन’ची, यादी ठरलेली असते आणि कंपनी ती विक्रीच्या आधीच जाहीर करते. कमांडरच्या डेकमध्ये कमांडर, म्हणजे डेकचे नेतृत्व करणारे कार्ड, धरून १०० कार्डे असतात आणि मूळ लँड (इतर कार्डे खेळण्यासाठी लागणारी ‘माना’ ही शक्ती देणारी साधी कार्डे) सोडल्यास कोणतेही कार्ड दुसऱ्यांदा येत नाही. असे पहिले पाच डेक २०११ मध्ये निघाले, आणि २०२० पासून तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या संचासोबत ते येऊ लागले आहेत. यादी हाती असल्यामुळे पाकिटाच्या बाबतीत करावे लागते तसे सरासरीचे आणि शक्यतेचे गणित येथे लागत नाही. प्रत्येक कार्ड समोर ठेवून त्याचा विचार करता येतो.

२. घरातील वडीलधारी म्हणतात, “पत्तेच ते, म्हणजे जुगारच.” त्यांना काय सांगावे?

मांडवीत कॅसिनोंची जहाजे उभी असलेल्या राज्यात ‘पत्ते’ हा शब्द ऐकून आईवडिलांना काळजी वाटली, तर तिला हसू नये. बूस्टर पाकिटात नशिबाचा भाग खरोखरच असतो आणि एकामागून एक पाकिटे फोडत जाण्याचा मोह लहान मुलांना होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तयार डेकमध्ये खरेदीच्या वेळी नशिबाचा संबंध येत नाही, कारण पैसे देण्यापूर्वीच काय मिळणार हे माहीत असते. म्हणून मुलासाठी पहिली खरेदी करणाऱ्या पालकांना मी नेहमी तयार डेकच सुचवतो, आणि त्याची यादी मुलासोबत बसून वाचावी असेही सांगतो.

३. डेकचे मोल काढायचे म्हणजे नेमके काय करायचे? सगळ्या कार्डांच्या किमतींची बेरीज केली की झाले ना?

नाही. बहुतेक चुकीच्या खरेद्या या बेरजेतूनच होतात. बेरीज सांगते ती किंमत. मोल हे कार्ड कोणाच्या हातात पडणार आहे यावर ठरते.

प्रथम भाव कोणता धरावा ते पाहू. विक्रेत्याने मागितलेला भाव धरू नये, कारण मागायला कोणीही काहीही मागतो. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून काढलेला भाव धरावा. अमेरिकेतील टीसीजीप्लेअर आणि युरोपातील कार्डमार्केट या दोन बाजारपेठा असा भाव दाखवतात. त्यातही तुमच्या डेकमधील छपाईचाच भाव पाहावा. एकच कार्ड निरनिराळ्या संचांत छापलेले असते, आणि जुन्या किंवा चकाकत्या फॉइल प्रतीचा भाव डेकमधील साध्या प्रतीला लावणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

त्यानंतर यादीचे गट पाडावेत. समजा, डेक घरात येईपर्यंत ५,००० रुपये पडले आणि कार्डांची बेरीज ८,००० दिसते. वरवर पाहता हा ३,००० रुपयांचा फायदा आहे. आता यादी उलगडून पाहा. प्रत्येकी २५ रुपयांहून कमी भावाची ७० कार्डे मिळून ९०० रुपये होतात. ती कोणी विकत घेत नाही, म्हणून त्यांचे मोल शून्य धरावे. तुम्ही एरवीही सुटी विकत घेतलीच असती अशी ५ कार्डे २,९०० रुपयांची आहेत. ती पूर्ण भावाने मोजावीत. आपल्या टेबलावर ज्यांना गिऱ्हाईक आहे, म्हणजे अदलाबदलीत कोणी ना कोणी घेईलच, अशी ८ कार्डे २,५०० रुपयांची आहेत. ती साठ टक्क्यांनी मोजावीत, म्हणजे १,५०० रुपये. उरलेली १७ कार्डे कागदावर १,७०० रुपयांची असली, तरी गोव्यात ती घेणारा कोणी नाही, तीही शून्य. अशा रीतीने तुमच्यासाठी या डेकचे मोल ४,४०० रुपये झाले.

उरलेले ६०० रुपये वाया गेले असे मात्र नाही. जुळवलेला, संध्याकाळी लगेच खेळता येणारा डेक मिळाला, त्याचे ते पैसे आहेत. ज्याच्याकडे एकही डेक नाही त्याला ते स्वस्तच आहेत, आणि ज्याच्या कपाटात आधीच सहा डेक आहेत त्याने पाच कार्डे सुटी घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. साठ टक्क्यांचा आकडा माझ्या अनुभवावरचा आहे. पुण्यामुंबईत ओळखीचे खेळाडू असतील, तर तो वाढवून घ्यावा.

४. किमती सगळीकडे डॉलरमध्ये दिसतात. त्या रुपयांत बदलल्या की खरी किंमत कळते का?

विनिमयाचा दर हा खर्चाचा एकच भाग झाला. परदेशातून टपालाने किंवा कुरियरने मागवल्यास वाहतूक, सीमाशुल्क, त्यावरील कर आणि कुरियर कंपनीचा हाताळणी आकार मिळून रक्कम बरीच फुगते, आणि ती एका डेकवर जितकी जाणवते तितकी चार जणांनी मिळून मागवलेल्या खोक्यावर जाणवत नाही. म्हणून डेकची किंमत म्हणजे तो घरात येईपर्यंत पडलेला सगळा खर्च, असेच धरावे. भारतातील विक्रेत्याने सांगितलेली रक्कम प्रथमदर्शनी अधिक वाटली, तरी हा सगळा खर्च मिळवल्यावर अनेकदा तीच कमी भरते.

गोव्याला एक सोय मात्र इतरांपेक्षा अधिक आहे. आपल्या घराघरांतील माणसे आखातात, पोर्तुगालमध्ये, इंग्लंडमध्ये आहेत, आणि तारवटी मंडळी बोटीवरून सुट्टीवर येतात. त्यांच्या सामानातून एखादा डेक येतो तेव्हा वाहतुकीचा खर्च वाचतो. पण त्यांना खरेदी सांगताना डेकचे पूर्ण नाव लिहून द्यावे आणि शक्य असल्यास खोक्याचे छायाचित्र पाठवावे. एकाच मालिकेतील चार डेकांची खोकी दिसायला सारखी असतात, आणि चुकीचा डेक परत करायला कोणी पुन्हा लिस्बनला जाणार नसतो.

५. बेरीज डेकच्या किमतीच्या दुप्पट दिसते. मग डेक घेऊन, फोडून सुटी कार्डे विकली तर नफा होणार नाही का?

हा विचार तुमच्या आधी जगभरातील व्यापाऱ्यांनी केलेला असतो. सीलबंद डेक मुबलक मिळत असताना त्यातील कार्डांची बेरीज फार वर गेली, की व्यापारी डेक फोडून कार्डे बाजारात आणतात, पुरवठा वाढतो आणि भाव खाली येतात. त्यामुळे डेक सहज उपलब्ध असेपर्यंत त्याचीच किंमत आतल्या कार्डांच्या भावाला आवर घालत असते. दुप्पट बेरीज दिसली, तर बहुधा भाव विक्रीच्या पहिल्या आठवड्यातले आहेत (प्रश्न ६), किंवा तो डेक त्या किमतीला आता मिळतच नाही (प्रश्न ७).

शिवाय सुटे कार्ड विकायचे म्हणजे त्याचे छायाचित्र काढणे, स्थिती लिहिणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, पुठ्ठ्यात बांधणे आणि टपालात टाकणे आले. तीस रुपयांच्या कार्डासाठी हे करणे परवडत नाही. मी एकदा एक डेक असा विकून पाहिला. पाच कार्डे आठवड्यात गेली, आणि पंचाण्णव अजून माझ्याकडे आहेत.

६. नवा डेक जाहीर झाला की लगेच नोंदवावा, की थांबावे?

बहुतेक डेकांसाठी थांबावे. प्रसिद्धीपूर्वी पुरवठा शून्य आणि उत्सुकता मोठी असते, म्हणून नव्या कार्डांचे भाव चढे दिसतात. डेक दुकानांत पोहोचून लोक ते फोडू लागले की त्यांतील बरेचसे भाव उतरतात. पुन्हा छापलेल्या जुन्या कार्डांचेही तेच होते. बेरीज करणारा जुन्या, दुर्मीळ प्रतीचा भाव धरतो, आणि नव्या छपाईनंतर तो भाव टिकत नाही.

आर्केन सिग्नेट या कार्डाचे उदाहरण बोलके आहे. ते २०१९ मध्ये थ्रोन ऑफ एल्ड्रेन या संचासोबतच्या, ब्रॉल या दुसऱ्या प्रकारच्या डेकांत पहिल्यांदा आले. कमांडरच्या कोणत्याही डेकमध्ये चालणारे, आणि मिळायचे मात्र त्या मोजक्या डेकांत, त्यामुळे त्या वेळी त्याचा भाव चढला. पुढे ते कमांडरच्या जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये येऊ लागले, आणि आज ते कोणी अडवून धरत नाही. त्या वेळी केवळ सिग्नेटसाठी डेक घेणाऱ्याला ते महागात पडले. खेळण्यासाठी घेणाऱ्याचे काहीच बिघडले नाही.

घाई करण्याजोगा एकच प्रसंग मला मान्य आहे : डेकचा विषयच तुम्हाला मनापासून हवा आहे, आणि तो खेळाबाहेरच्या चाहत्यांनाही हवासा वाटणारा आहे. २०२२ मधील वॉरहॅमर ४०,००० चे चार डेक किंवा २०२५ मधील फायनल फँटसीचे डेक घेणाऱ्यांत असेही अनेक जण होते, ज्यांनी मॅजिक कधी खेळलेच नव्हते. अशा वेळी थांबल्याने किंमत उतरेलच याची खात्री नसते.

७. एकाच मालिकेतील पाच डेक, छापील किंमत सारखी, तरी एकच दुपटीने महाग विकला जातो. असे का होते?

कारण त्यातील एखादे कार्ड कमांडर न खेळणाऱ्यांनाही हवे असते. २०१३ च्या पाच डेकांपैकी माइंड सीझ या डेकमध्ये ट्रू-नेम नेमेसिस नावाचे नवे कार्ड होते. कमांडरच्या चार जणांच्या टेबलावर त्याचा उपयोग बेताचाच होता, कारण ते एकाच ठरावीक प्रतिस्पर्ध्यापासून संरक्षण देते. पण लेगसी या दोन जणांच्या स्पर्धात्मक प्रकारात समोर एकच प्रतिस्पर्धी असतो, आणि तेथे ते कार्ड जवळजवळ अडवताच येत नव्हते. लेगसीचे खेळाडू त्या डेकवर तुटून पडले, आणि बाकीचे चार डेक दुकानांत पडून राहिले.

यातून खरेदीदाराने दोन गोष्टी घ्याव्यात. ज्या कार्डामुळे डेक महाग झाला ते तुम्ही खेळणार नसाल, तर जास्तीचे पैसे दुसऱ्याच्या गरजेपोटी मोजू नयेत. आणि मागे राहिलेले डेक खेळायला वाईट असतातच असे नाही. दुकानदार ते पुढे सवलतीत काढतो, आणि आमच्या टेबलावरचे दोन सर्वांत लाडके डेक अशाच सवलतीत आलेले आहेत.

८. किमतीचा विचार बाजूला ठेवला, तर खेळायला चांगला डेक कसा ओळखावा?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. खरे तर तो सर्वांत आधी यायला हवा. डेक घरात आल्यावर त्याचा भाव आपण महिन्यातून एकदा पाहतो, पण तो खेळतो दर रविवारी.

आधी कमांडरचे कार्ड वाचावे आणि मग यादीतील किती कार्डे त्याच्या कामाला हातभार लावतात ते मोजावे. तयार डेकांचा नेहमीचा दोष असा, की त्यांत दोन-तीन कल्पना एकत्र कोंबलेल्या असतात. खोक्यावरचा कमांडर एक मागतो आणि पर्यायी कमांडर दुसरेच काही मागतो. लँड वगळता सुमारे साठ कार्डे उरतात. त्यांपैकी तीस तरी मुख्य कल्पनेशी जोडलेली असतील, तर डेक एका दिशेने चालतो.

त्यानंतर डेकचा सांगाडा पाहावा. लँड छत्तीस ते अडतीस असाव्यात, माना लवकर मिळवून देणारी कार्डे दहाच्या आसपास, नवी कार्डे हातात आणणारीही तितकीच, आणि प्रतिस्पर्ध्याच्या धोक्यांना उत्तर देणारी आठ-दहा. हे आकडे खेळाडूंनी अनुभवातून ठरवलेले आहेत, त्यांत एक-दोनचा फरक चालतो. पण नवी कार्डे आणणारी चारच असतील, तर सहाव्या फेरीनंतर हात रिकामा ठेवून बसावे लागेल, आणि अशा डेकची बेरीज कितीही मोठी असली तरी तो नवख्या मुलाला खेळापासून दूर नेतो.

तिसरी गोष्ट लँडच्या दर्जाची. तीन रंगांच्या डेकमध्ये टॅप होऊन येणाऱ्या, म्हणजे त्या फेरीत वापरता न येणाऱ्या लँड दहा-बारा असतील, तर प्रत्येक डावात तुम्ही इतरांच्या एक पाऊल मागे राहता. चांगल्या लँड महाग असतात, म्हणून कंपनी बहुधा येथेच हात आखडते. याच कारणाने नवशिक्याला मी दोन रंगांचा डेक सुचवतो. २०२२ च्या अखेरीस आलेले पाचही स्टार्टर कमांडर डेक दोन रंगांचेच होते. कार्डांच्या बेरजेत ते कधीच चमकले नाहीत, पण शिकायला फार उत्तम होते.

शेवटी, तो डेक कोणासमोर ठेवायचा आहे हे पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने कमांडरच्या डेकांच्या ताकदीसाठी पाच पायऱ्यांची पद्धत प्रायोगिक रूपात मांडली, आणि त्या मांडणीत सर्वसाधारण तयार डेक दुसऱ्या पायरीवर ठेवला होता. तुमच्या टेबलावरचे बाकीचे डेक चौथ्या पायरीवरचे असतील, तर कोणताही तयार डेक तेथे तग धरणार नाही, आणि तो त्या डेकचा दोष नव्हे.

९. सोल रिंग आणि कमांड टॉवर ही माना देणारी कार्डे कमांडरच्या जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये असतात. त्यांची किंमत मोजावी का?

पहिल्या डेकसाठी मोजावी, कारण ती तुम्हाला लागणारच आहेत. तिसऱ्या-चौथ्या डेकपासून ती प्रश्न ३ मधील शून्याच्या गटात टाकावीत. नवा डेक सुट्या कार्डांतून जुळवण्याचा विचार असेल, तर मात्र या जास्तीच्या प्रती जपून ठेवाव्यात.

१०. पोकेमॉन आणि यु-गि-ओ यांच्या तयार डेकांना हेच गणित लागू पडते का?

विचाराची पद्धत तीच. नियम वेगळे असल्यामुळे निष्कर्ष मात्र बदलतात.

यु-गि-ओमध्ये एका कार्डाच्या तीन प्रती ठेवता येतात, आणि स्ट्रक्चर डेकमध्ये महत्त्वाच्या कार्डांची बहुधा एकेकच प्रत असते. म्हणून तोच डेक तीनदा घेऊन त्यांतून एक पक्का डेक जुळवायचा, ही जगभरच्या खेळाडूंची जुनी रीत आहे. तेव्हा मोल काढताना तिन्ही डेकांचा एकत्र खर्च आणि तिन्हींतून वापरात येणारी कार्डे मांडावीत. एका डेकचे गणित येथे फसवे ठरते. या खेळात महाग कार्डे स्वस्त डेकमध्ये पुन्हा छापली जाण्याची उदाहरणेही ठळक आहेत. जवळजवळ प्रत्येक स्पर्धात्मक डेकमध्ये लागणारे अॅश ब्लॉसम अँड जॉयस स्प्रिंग हे कार्ड २०१९ च्या सोलबर्नर स्ट्रक्चर डेकमध्ये आले, आणि त्या एका कार्डासाठी लोकांनी तो डेक घेतला.

पोकेमॉनमध्ये ६० कार्डांचा डेक असतो आणि मूळ ऊर्जा-कार्डे सोडल्यास एका नावाची चारच कार्डे चालतात. लहान मुलांसाठीचे बॅटल डेक शिकण्यापुरते ठीक. स्पर्धेच्या जवळ जाणारे म्हणजे लीग बॅटल डेक. या खेळात मोलाला मुदत असते. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान अक्षर छापलेले असते, आणि ठरावीक काळाने जुन्या अक्षराची कार्डे स्टँडर्ड प्रकारातून बाद होतात. सवलतीत मिळालेला जुना डेक घरी खेळण्यासाठी उत्तम. स्पर्धेसाठी घेत असाल, तर आधी ते अक्षर पाहावे.

११. डेक घेतल्यावर त्यात सुधारणा करायला आणखी पैसे लागतातच. ते मोलात धरावेत का?

धरावेत, पण लगेच खर्च करू नयेत. डेक जसा आहे तसा किमान दहा डाव खेळावा आणि हातात येऊन कुजत पडलेल्या कार्डांची नोंद ठेवावी. दहा कार्डे बदलून बहुतेक डेक ओळखू न येण्याइतके सुधारतात, आणि त्यांतील निम्मी आपल्याच जुन्या साठ्यात सापडतात. तीस कार्डे बदलावी लागतील असे यादी वाचतानाच वाटत असेल, तर तो डेक घेऊच नये.

१२. जत्रेत दोनशे रुपयांत संपूर्ण डेक मिळाला. सोनेरी कार्डे आहेत. त्याचे मोल काय?

हा प्रश्न दर जानेवारीत, म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा झाली की येतो. धातूसारखी चमकणारी ती सोनेरी प्लास्टिकची कार्डे मूळ कंपनीची नसतात. ती स्पर्धेत चालत नाहीत आणि अदलाबदलीत कोणी घेत नाही. मुलाने ती हौसेने आणली असतील, तर त्याला रागावू नये. मात्र खऱ्या कार्डांच्या वहीत ती मिसळू देऊ नयेत.

खरी अडचण कागदावर हुबेहूब छापलेल्या बनावट कार्डांची आहे. मॅजिकच्या कार्डाच्या पाठीवर पाच रंगांचे ठिपके असतात. त्यांतील हिरव्या ठिपक्यात तीस ते साठ पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली चार बारीक लाल ठिपके दिसतात. सोनाराचे साधे दहा पटीचे भिंग त्यासाठी अपुरे पडते. तुमच्याकडील एखादे निःसंशय खरे कार्ड शेजारी ठेवून तुलना करावी. अनोळखी विक्रेत्याकडून वापरलेला डेक घेताना शंभरच्या शंभर कार्डे तपासणे शक्य नसते, तेव्हा सर्वांत महाग पाच तरी तपासावीत.

१३. वापरलेला डेक निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावा का?

कंपनीने जाहीर केलेली यादी समोर ठेवून एकेक कार्ड मोजता येत असेल, तरच घ्यावा. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून ‘एकदाच उघडलेला’ डेक घेतला. कार्डे शंभर होती, पण मूळ यादीतील चार महाग कार्डांच्या जागी चार साधी लँड घातलेली होती, आणि डेकच्या मोलापैकी बराचसा भाग त्या चार कार्डांतच होता. तेव्हापासून मी संख्या मोजत नाही, यादी जुळवतो. निम्म्या किमतीचा डेक यादीशी जुळत असेल आणि कार्डांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या नसतील, तर तो नव्या डेकपेक्षा नेहमीच चांगला सौदा आहे.

१४. गोव्याच्या पावसात कार्डे वाकतात, बुरशी धरतात. त्याने मोल किती कमी होते?

फॉइल कार्डात कागदावर धातूसारखा चकाकणारा थर असतो. कागद हवेतील ओल शोषून प्रसरण पावतो, तो थर पावत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात कार्ड चित्राच्या बाजूला वाटीसारखे वाकते. कोरड्या हवेत ते बरेचसे परत सरळ होते. त्यामुळे वाकलेले कार्ड पाहून घाबरू नये, आणि पावसाळ्यात घाईने कमी भावात विकूही नये. मात्र वाकलेले कार्ड पिसताना ओळखू येते, म्हणून स्पर्धेत पंच त्याला हरकत घेऊ शकतो. तयार डेकांत फॉइल कार्डे फारच थोडी असल्याने हा त्रास मर्यादित राहतो.

बुरशी, पाण्याचा डाग आणि कसर यांनी झालेले नुकसान मात्र भरून निघत नाही. चिऱ्याच्या भिंतीत बसवलेल्या कपाटात कार्डे ठेवू नयेत, त्या भिंती पावसाळाभर ओल धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावा आणि पुड्या चतुर्थीच्या सुमारास एकदा बदलाव्यात. डांबरगोळ्या टाकू नयेत. त्यांचा वास कार्डांना लागला की जात नाही, आणि असा डेक घेताना गिऱ्हाईक कचरते.

१५. डेक न उघडता दहा वर्षे ठेवला तर किंमत वाढेल ना?

काहींची वाढली आहे. २०१७ च्या व्हॅम्पिरिक ब्लडलस्ट या डेकचा कमांडर एडगर मार्कोव्ह बरीच वर्षे सहज मिळत नव्हता, आणि त्याच्या मागणीमुळे सीलबंद डेकही महाग होत गेला. पण २०२५ मध्ये इनिस्ट्राड रिमास्टर्ड या संचात ते कार्ड पुन्हा छापले गेले. कोणते कार्ड केव्हा पुन्हा येईल हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. १९९६ मध्ये कंपनीने काही जुनी कार्डे पुन्हा न छापण्याचे वचन देणारी राखीव यादी जाहीर केली, परंतु १९९९ नंतरच्या संचांतील एकही कार्ड तिच्यात नाही. म्हणजे कमांडरच्या तयार डेकसाठी प्रथमच बनवलेल्या एकाही कार्डाला ते संरक्षण नाही.

त्यात आपल्याकडे ओलीचा धोका आहे (प्रश्न १४), आणि दहा वर्षांनी गोव्यात गिऱ्हाईक मिळण्याची अडचणही. बचत म्हणून पैसे ठेवायचे असतील, तर बँकेत ठेवावेत. डेक उघडावा आणि खेळावा.

१६. डेकमधील सर्वांत महाग कार्डावर बंदी आली, तर पैसे बुडाले का?

त्या कार्डापुरते बहुतांशी होय. डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट हे कार्ड २०१९ च्या कमांडर डेकमध्ये पहिल्यांदा आले आणि पुढे फार महाग झाले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी कमांडरमध्ये त्यावर बंदी आली आणि भाव कोसळला. ज्याने तो डेक २०१९ मध्ये छापील किमतीत घेऊन खेळला, त्याचे त्या एका कार्डापलीकडे काही गेले नाही. ज्याने केवळ त्या कार्डासाठी वाढीव भाव मोजला, त्याचे बरेच गेले. म्हणून एकाच कार्डात निम्म्याहून अधिक मोल असलेल्या डेकपेक्षा दहा कार्डांत मोल विखुरलेला डेक मी अधिक सुरक्षित मानतो.

बंदीला एक जुना आणि विलक्षण अपवादही आहे. २०११ च्या वॉर ऑफ अॅट्रिशन या तयार डेकमध्ये स्टोनफोर्ज मिस्टिकच्या दोन प्रती होत्या, आणि त्याच वर्षी जुलैपासून स्टँडर्ड प्रकारात त्या कार्डावर बंदी आली. दुकानातून घेतलेला डेक स्पर्धेत चालू नये हे अन्यायाचे झाले असते. म्हणून तो डेक साइडबोर्डसह, म्हणजे डावांच्या मध्ये बदलायच्या जादा कार्डांसह, एकही बदल न करता खेळणाऱ्याला ती दोन कार्डे वापरण्याची मुभा दिली गेली. एक कार्ड जरी बदलले, तरी ती मुभा संपत असे.

१७. सोनेरी काठाचा जुना जागतिक अजिंक्यपद डेक स्वस्तात मिळाला. नावाजलेली कार्डे आहेत. हा सौदा चांगला आहे ना?

आधी पाठ पाहावी. मॅजिकचे असे डेक १९९७ ते २००४ या काळात निघाले. त्यांच्या कार्डांना सोनेरी काठ आणि वेगळी पाठ असते, आणि ती अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. पोकेमॉनच्या जागतिक अजिंक्यपद डेकांची पाठही वेगळी असते आणि कार्डांवर खेळाडूची स्वाक्षरी छापलेली असते. ती स्वाक्षरी हाताने केलेली नसते, म्हणून तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. हाच नियम कमांडरच्या काही डेकांत आलेल्या जाड पुठ्ठ्याच्या कमांडर कार्डालाही लागू आहे. ते टेबलावर मांडून ठेवण्यासाठी असते, डेकमध्ये पिसता येत नाही, आणि बेरजेत त्याला खऱ्या फॉइल कार्डाचा भाव लावू नये.

आमच्या टेबलावर मात्र सोनेरी काठाची कार्डे स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, घालून, डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांना सांगून खेळली जातात, आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. तुमच्या टेबलावर तशी पद्धत असेल, तर तुमच्यासाठी त्या डेकचे मोल बरेच आहे. नसेल, तर तो घेण्यापूर्वी सोबत्यांना विचारून घ्यावे.